पहिल्या वर्षी दोनच घरं करा

ताई, नाताळाला पुठ्ठ्याच्या छोट्या घरांचं अख्खं गाव मांडायची तुमची हौस मला फार आवडली. तरी यंदा एक घर आणि एक चर्च, एवढंच धरा. भुसावळला आमच्या घरी सुरुवात अशीच झाली.

पुठ्ठा बुटांच्या खोक्याचा चालतो, खास काही विकत आणू नका. मात्र कटरचं पातं नवीन हवं. बोथट पात्याने कडा फाटते आणि ती रंगाखाली लपत नाही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- भिंती चिकटवून मग खिडक्या कापणं. खिडक्या आधी, पुठ्ठा सपाट असतानाच.
- फेव्हिकॉल जास्त लावणं. पुठ्ठा ओला होऊन वाकतो. बोटाने पातळ थर द्या आणि रात्रभर रबरबँड लावून ठेवा.
- प्रत्येक घराचं माप वेगळं. सगळी दारं ३ सेंमी उंच ठेवा, गाव आपोआप जुळतं.

छप्पर उभ्या उताराचं करा. आपल्याकडे धाब्याची घरं सपाट असतात, पण हे गाव बर्फाच्या मुलखातलं आहे. बर्फासाठी रवा किंवा साखर नको, मुंग्या लागतात. पांढऱ्या रंगात थोडा खायचा सोडा घालून छपरावर थापा, छान खरखरीत दिसतं.

मागच्या भिंतीला दिव्यासाठी भोक विसरू नका. १९२०-३० च्या दशकांत जपानमध्ये बनून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या घरांनाही ते असायचं. आत फक्त एलईडी, पणती किंवा मेणबत्ती कधीच नाही. खिडकीला आतून पिवळा पतंगाचा कागद लावा. बाकीचं रंगकाम, झाडं, कुंपण पुढच्या वर्षी बघू.