तुझा सिग्नल कुठंय?

बेटा,

परवा मळ्यात सगळे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होते आणि तू एकटी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलीस, मी भरीत खायला बोलवायला आलो तर म्हणलीस, "आप्पा, माझ्या मेंदूतच काही बिघाड आहे का?" मी हसून टाळलं, मागे पोरांचा गोंधळ चालू होता आणि मला तेव्हा नीट सुचलंही नाही. रात्री मात्र झोप लागेना म्हणून हे लिहायला बसलो, मोबाइलवर टाइप करतोय, चुका सांभाळून घे.

तू हुशार आहेस, होईल सगळं, वगैरे मी लिहिणार नाही, ते तुझ्या आत्या रोज सांगतात. मला तू सांगितलेली एकच गोष्ट टोचली. जळगावच्या रूमवर परीक्षेच्या अभ्यासाला पहाटे उठून तू 10 मिनिटं डोळे मिटून स्वतःला तहसीलदाराच्या खुर्चीत बघतेस, बाहेर पाटी, गाडी, तुझे बाबा डोळे पुसतायत, आणि हे सगळं बघून झालं की पुस्तक उघडायला अंग उठत नाही, मग भावना कमी पडतेय असं वाटून तू 10 ची 20 मिनिटं केलीस. अगं वेडे, तिथंच तर गाडी घसरली!

बिघाड नाहीये. मेंदू अगदी बरोबर काम करतोय, तू त्याला काम झाल्याची बातमी देतेस आणि तो पाय पसरतो. गॅब्रिएल ओटिंगेन म्हणून मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी 1991 साली वजन कमी करायला आलेल्या 25 बायकांवरचा अभ्यास छापला, ज्या बायका आपण बारीक झाल्याची छान छान चित्रं मनात रंगवायच्या त्यांचं वजन वर्षाने बाकीच्यांपेक्षा साधारण 11 किलो कमी घटलं. पण "मला जमेल" असा ज्यांना भरोसा होता त्यांचं जास्त घटलं. म्हणजे भरोसा वेगळा आणि पिक्चर बघणं वेगळं, हे दोन्ही एकच समजून लोक भिंतीवर फोटो चिकटवतात. पुढे 2011 साली त्यांनीच दाखवलं की अशी गोड चित्रं रंगवली की वरचं बीपी खाली येतं, अंग ढिलं पडतं. तुझं अंग पहाटे जड होतं ना, ते हेच.

आता तुझ्या कामाचं ऐक. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीत परीक्षेआधी पोरांचे गट केले, एका गटाने रोज 5 मिनिटं चांगले मार्क पडल्याचं डोळ्यासमोर आणायचं, दुसऱ्याने आपण अभ्यास कसा करतोय ते, कुठल्या टेबलावर, कुठला धडा, टीव्ही कसा बंद करतोय. 1999 साली ते छापून आलं. अभ्यास करताना स्वतःला बघणारी पोरं जास्त तास बसली, मार्कही त्यांनाच जास्त. खुर्ची बघणारे मागे राहिले. त्यामुळे डोळे जरूर मीट, पण खुर्ची बघू नकोस, टेबल बघ. त्यातही टेबलाआधी काय होतं ते बघ, मी त्याला सिग्नल म्हणतो.

तुला माहितीय मी 34 वर्षं इंजिनात काढली, बहुतेक मालगाडीवर, भुसावळ ते इगतपुरी. आमच्यात सिग्नल दिसला की मोठ्याने बोलायचा, "डबल यलो!" म्हणजे दोन पिवळे दिवे, असिस्टंटने परत बोलायचं, "डबल यलो!" नवीन होतो तेव्हा लाज वाटायची, दोघांनाही दिसतंय तर ओरडायचं कशाला. पण रात्री 3 वाजता नांदगावच्या अलीकडे डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं तेव्हा इच्छाशक्ती वगैरे काही शिल्लक नसते गं, आणि तरी पिवळा दिसला की तोंड बोलतं आणि हात ब्रेकवर जातो. ठरवावं लागत नाही कारण ते आधीच ठरलेलं असतं. गोलविट्झर नावाच्या जर्मन प्रोफेसरने हेच शोधलंय, "अमुक झालं की मी तमुक करणार" असं वेळ आणि जागेसकट आधी ठरवलं तर ती वेळ आली की मेंदू आपोआप कामाला लागतो. 1997 च्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत 2 दिवसात एक रिपोर्ट लिहून पाठवायचा होता, काहींना फक्त एवढंच जास्तीचं सांगितलं की कधी आणि कुठे बसून लिहिणार ते ठरवा. त्यांच्यात वेळेत पाठवणारे बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त निघाले. नुसत्या एका ओळीने! मी हे रिटायर झाल्यावर वाचलं आणि मला जो राग आला तो कोणावर काढू समजेना.

राग का, तर मलाही खुर्ची दिसायची. लोको इन्स्पेक्टरची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्यांवरच्या साहेबाची. दोनदा फॉर्म भरला, एकदा अर्धवट अभ्यास करून बसलो आणि एकदा गेलोच नाही. तुझ्या काकूला मी आमचं नवीन क्वार्टर कसं असेल ते सांगायचो, पडदे कुठल्या रंगाचे, आणि पुस्तक ट्रंकेत. ड्युटीला टायमिंग नव्हतं हे खरंय, कॉल रात्री 1 ला पण यायचा, अशात कधी आणि कुठे ठरवणार कोण. असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगितलं. पण जेवणाचा डबा उघडायची वेळ तर रोज यायचीच ना? ड्युटीला जाताना बूट तर रोज घालायचोच ना? सिग्नल घड्याळातच असावा असं कुठंय.

तंबाखू मात्र मी याच पद्धतीने सोडली, तेव्हा गोलविट्झर माहीत नसताना. माझी डबी पाचोरा स्टेशन आलं की निघायची. कधी विचार केला नव्हता, पाचोऱ्याचा आउटर सिग्नल दिसला की हात खिशात. मग एका असिस्टंटने लक्षात आणून दिलं, आप्पा तुमचं पाचोरा आलं. त्या दिवसापासून डबीच्या जागी भाजलेले शेंगदाणे ठेवले आणि मनाशी बोललो, पाचोरा दिसला की दाणे. मोठ्याने बोललो, सिग्नलसारखं. पहिला महिना भांडण, घरात सगळ्यांवर चिडचिड, कधी कधी दाणे खाऊन वर तंबाखू पण. नंतर हात दाण्यांकडेच जायला लागला. मेंदूत खोल आत बेसल गँग्लिया म्हणून भाग आहे, सवयी तिथं बसतात, आणि त्याला चांगली सवय वाईट सवय काही कळत नाही, त्याला एवढंच कळतं की काय दिसल्यावर काय करायचं. मग दिसायला काय ठेवायचं ते तू ठरव ना!

किती दिवस लागतील हे तू विचारणारच, तुम्हा पोरांना ते 21 दिवसांचं खूळ आहे. ते एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनचं, पेशंटला नवीन चेहरा अंगवळणी पडायला निदान 21 दिवस लागतात असं त्याने लिहिलं होतं, लोकांनी "निदान" गिळलं. लंडनला 2010 च्या अभ्यासात 96 लोकांना बघितलं तर मधला आकडा 66 दिवस निघाला, कोणाला 18, कोणाला 254 लागतील असा हिशोब. एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही हेही त्यातच निघालं. तू दिवाळीत 3 दिवस चुकले म्हणून टाइमटेबल फाडून टाकलंस, 5 रंगांच्या पेनांचं! मालगाडी लूपला, बाजूच्या रुळावर, 4 तास उभी राहते म्हणून आम्ही तिला भुसावळला परत नेत नाही बाई.

एक गोष्ट सांगू की नको असं चाललंय, सांगतोच. माझ्या आईने समुद्र बघितला नव्हता. "मले एक डाव समिंदर दाखव रे," एवढंच मागायची. मी तिला दरवेळी हो म्हणायचो आणि मनापासून म्हणायचो, मला ती पाण्यात पाय घालून उभी दिसायची, लुगडं थोडं वर धरून. रेल्वेचा पास होता, दरवर्षी लॅप्स व्हायचा. मी गाडी घेऊन इगतपुरीपर्यंत जात होतो, 300 किलोमीटर, तिथून घाट उतरला की मुंबई. 2009 च्या उन्हाळ्यात ती गेली. सुट्टी मिळत नव्हती हे मी आजही सांगतो आणि ते खोटं नाहीये, पण मी कधी एकदाही बोललो नव्हतो की पगार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजेचा अर्ज लिहिणार. चित्र इतकं छान दिसायचं की अर्ज लिहायचं सुचलंच नाही.

म्हणून परवा वरून हसलो तरी आतून मी तुझ्यावर चिडलो होतो.

आता एक ओळ लिही. एकच. "चहाचा कप धुवून पालथा ठेवला की मी खिडकीजवळच्या टेबलावर बसून राज्यघटनेचं कालचं पान उघडणार." असं काहीतरी, तुझं तुझं. "रोज सकाळी मन लावून अभ्यास करेन" असं लिहून आणलंस तर मी फाडीन. मन लावून म्हणजे कुठे लावून? आणि दुसरी ओळ अडचणीची, तुझी अडचण तुला माहितीय, मोबाइल, "रील बघायला हात गेला की मोबाइल शेजारच्या रूममधल्या ताईकडे देऊन येणार." लाज वाटेल, वाटू दे. आम्हाला पण "डबल यलो" ओरडायला वाटायची.

भिंतीवरचे ते खुर्चीचे फोटो काढू नकोस, तुझ्या आईने हौसेने प्रिंट मारून दिलेत. फक्त त्यांना दाराच्या मागे लाव आणि टेबलासमोर ती ओळ लाव.

रविवारी गावाला आलीस की ओळ घेऊन घरी ये, पण दुपारी ये, या आठवड्यात थ्री फेज रात्रीची आहे, केळीला पाणी द्यायला मी मळ्यात असतो.

आप्पा