बोअरच्या पाण्यात अ‍ॅडॉल्फॉय राहील का?

प्रश्न : ताई, अ‍ॅडॉल्फॉय कोरिडोरासचे सहा मासे मिळतायत. आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे. बदामाची पानं टाकली की भागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नुसत्या पानांनी भागणार नाही. हा तळाशी राहणारा, मिशावाला छोटा मासा ब्राझीलमधल्या रिओ निग्रो नदीच्या वरच्या भागातला. तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस, आम्लधर्मी आणि क्षार जवळजवळ नसलेलं. देशी बदामाची वाळलेली पानं रंग आणि टॅनिन देतात, पण बोअरचे क्षार तसेच राहतात आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) खाली येऊ देत नाहीत. क्षार काढलेलं आरओचं पाणी मिसळा, तेही दर आठवड्याला थोडं थोडं. पीएच ६ ते ६.५, तापमान २४-२५ अंश ठेवा.

त्यांचा खरा जीव मात्र वाळूत. टाकीत खडी असेल तर आधी ती काढा, टोकदार खडीवर मिशा झिजतात. माझे मासे पार डोळ्यांपर्यंत तोंड बारीक वाळूत खुपसतात आणि कल्ल्यांतून वाळू झरझर गळते. ते बघायला मी जेवणाचं ताट घेऊन टाकीसमोर बसते! मधूनच एखादा सुळकन वर येऊन हवा गिळेल. घाबरू नका, तो आतड्यातूनही श्वास घेतो. सगळेच सारखे वर येऊ लागले तर मात्र लगेच पाणी तपासा.

आणि सहाही एकदमच आणा. एकटादुकटा मासा दडूनच बसतो.