दाराची चौकट वाकडी का दिसते?

प्रश्न : वय ६४. आठवड्यापासून उजव्या डोळ्याला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते. चष्म्याचा नंबर बदलला असेल का?

उत्तर : नंबर बदलला की सहसा धूसर दिसतं, सरळ रेषा वाकत नाही. तुमची शंका डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर घ्या. पडद्याच्या मधोमध असलेल्या मॅक्युलाखाली पाणी किंवा रक्त साचलं की तिथल्या पेशी उचलल्या जातात आणि रेषा वळलेली दिसते. या वयात त्यामागे अनेकदा मॅक्युलाची झीज असते. तिच्या ‘ओल्या’ प्रकारात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या गळतात.

घरी पडताळा : वाचनाचा चष्मा लावा, एक डोळा झाका, बारीक चौकोन आखलेला, मधोमध ठिपका असलेला कागद साधारण ३० सेंटिमीटरवर धरून त्या ठिपक्याकडे पाहा; रेषा वाकलेल्या दिसतात का, ते बघा. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा दोष लपवतो. चूक इथेच होते.

कागद काही सांगो, एक-दोन दिवसांत रेटिनातज्ज्ञांना दाखवा. ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत, साचलेलं पाणी दिसतं. ओला प्रकार निघाल्यास डोळ्यात इंजेक्शनं देतात, सुरुवातीला साधारण महिन्याला एक. उशीर झाला तर व्रण राहतो, तो भरून येत नाही. तपासणीच्या थेंबांनी काही तास अंधुक दिसतं. गाडी स्वतः चालवू नका.