गोळी लिहिण्याआधी

प्रिय,

परवा फोनवर तू म्हणालास, तेरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरला सांधेदुखीसाठी रोज मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामक गोळी लिहायला हात धजावत नाही. भीती रास्त आहे. पण तो फरशीवरून कसा उठतो, ते नीट बघितलंस का? पुढचे पाय रोवतो, मागचे घसरतात, क्षणभर तसाच थांबतो, मग पुन्हा जोर लावतो. केकाटत नाही, म्हणून घरचे म्हणतात, "म्हातारा झालाय." अरे, ते दुखणं आहे! हालचाल कमी झाली की मांड्या सुकतात आणि सांध्यावर आणखी भार येतो. औषध न देण्याचीही किंमत कुत्रा मोजतोच.

आता गोळीची बाजू. ती शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं रोखते. ज्या प्रोस्टाग्लँडिनमुळे सांधा ठणकतो, त्याच कुळातली द्रव्यं जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि यकृताची तपासणी करून घे, दोन-चार आठवड्यांनी पुन्हा. उलट्या होत असतील, पाणी पीत नसेल, तर त्या दिवशी गोळी नाहीच.

आणि आधी काय चालू आहे ते विचार. सुरुवातीच्या वर्षांत एका डॉबरमनला मी वेदनाशामक इंजेक्शन दिलं. खाजेसाठी त्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं, ते मी विचारलंच नाही. दोन्ही एकत्र आली की जठराला जखम होते. तिसऱ्या दिवशी मालक कागदात बांधून शी घेऊन आले, डांबरासारखी काळी, म्हणजे पोटात रक्तस्राव. कुत्रा वाचला. ती पुडी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

घरातल्या औषधांच्या डब्याबद्दलही खोदून विचार. माणसांची मेलॉक्सिकॅमची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची असते. कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे 0.2, नंतर 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याची जवळपास पंधरा दिवसांची मात्रा पंधरा मिलिग्रॅमच्या त्या एका गोळीत! आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक तर हातही लावू देऊ नकोस.

तुझ्या लॅब्रॅडॉरचं वजन आधी उतरव, फरशीवर सतरंज्या टाकायला सांग. वजन कमी झालं की गोळीची मात्राही कमी करून बघता येते. जेवणाबरोबर द्या, भूक गेली, उलटी झाली किंवा शी काळी झाली की गोळी थांबवून लगेच फोन करा, हे कुत्र्याच्या घरच्या काकूंना चिठ्ठीवर मराठीत लिहून दे.

रिपोर्ट आला की क्रिएटिनिन कळव. मग मात्रा दोघं मिळून ठरवू.

तुझा,
सर