शांतता अभ्यासाचं एम.ए. आफ्रिकेतल्या विद्यापीठातून करावं का?

तुम्ही विचारलंय की शांतता अभ्यासात एम.ए. करायला आफ्रिकेत जाण्यात काही अर्थ आहे का, की त्यापेक्षा नॉर्वे-स्वीडन बरं. पुण्यातल्या एका सरांनीही मला हेच विचारलं होतं आणि शिफारसपत्र द्यायला नकार दिला होता. "जिथे रोज मारामाऱ्या, तिथे शांतता काय शिकणार?" हे त्यांचं वाक्य मी विसरलेले नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मी युगांडातल्या कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात शिकले. प्रबंधासाठी उत्तरेला गुलूकडे गेले. करुमाला बसने नाईल ओलांडली की थोड्या वेळात अचोली लोकांचा मुलूख लागतो. तिथे सरकार आणि लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी यांच्यात वीसेक वर्षं युद्ध चाललं. बंडखोरांनी हजारो मुलं पळवून नेली आणि त्यांच्याच हातात बंदुका दिल्या. 2005 च्या सुमाराला अठरा लाखांच्या आसपास माणसं छावण्यांत राहत होती. 2000 साली युगांडाने माफीचा कायदा केला. बंदूक खाली ठेवून परत आलात तर खटला नाही, आणि तसं प्रमाणपत्र हातात.

गावकऱ्यांना विचारायच्या प्रश्नांचा माझा फॉर्म इंग्रजीत तयार केलेला होता. सतरावा प्रश्न: परत आलेल्यांना तुम्ही माफ केलंय का? हो किंवा नाही. एका गावात आंब्याखाली एक आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा युद्धात मारला गेला होता. मारणाऱ्यांच्या टोळीत शेजारचाच, पळवून नेलेला मुलगा होता आणि तो आता परत येऊन दोन शेतं सोडून राहत होता. दुभाषाने सतरावा प्रश्न विचारला. आजी शेंगांवरची नजर न उचलता काहीतरी बोलल्या. दुभाषाने "हो"वर खूण केली. मी विचारलं, शब्दशः काय म्हणाल्या? तो म्हणाला, "ते सरकारने केलं. कागद त्याच्याकडे आहे. माझ्याकडे कोणी आलेलं नाही."

अचोली भाषेत "तिमो किचा" म्हणजे मनापासून माफ करणं, आणि सरकारी माफीलाही तेच म्हणतात. आजी ज्याची वाट पाहत होत्या ते वेगळंच होतं. तिथे खून झाला की मातो ओपुत नावाचा समेटाचा विधी करतात. मारणाऱ्याचं कूळ गुन्हा कबूल करतं, भरपाई ठरते, ती दिली जाते आणि मग दोन्हीकडची माणसं ओपुत झाडाच्या कडू मुळाचं पेय एकाच भांड्यातून पितात. त्याआधी माफीचा विषयच निघत नाही.

माझे 43 फॉर्म भरून झाले होते. त्यातला कुठला "हो" सरकारचा आणि कुठला माणसाचा, सांगता येईना. आणि मी मराठी! आपल्याकडे कर्जमाफी सरकार करतं आणि भाऊ भावाला माफ करतो, शब्द एकच. हे मला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. गाइड मॅडम म्हणाल्या, फॉर्म जपून ठेव, पण आकडे म्हणून एकही वापरू नकोस, परत जा. मी पाच आठवडे परत गेले आणि त्या एका शब्दावर प्रबंध लिहिला.

भारतात आल्यावर पीएच.डी.च्या मुलाखतीला समोर तेच सर. "मग किती टक्के लोकांनी माफ केलं?" मी म्हटलं, टक्केवारी नाही. त्यांनी फाईल मिटली. सर, ज्या विद्यापीठाच्या वर्गात अर्ध्या मुलांचं बालपण छावणीत गेलंय, तिथे असला फॉर्म आठवडाभरही टिकत नाही. मी शिकत होते तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयात डॉमिनिक ओंगवेनचा खटला चालू होता. लहानपणी लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीने पळवलेला, मोठेपणी त्याच टोळीचा कमांडर झालेला. (2021 मध्ये त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली.) तो गुन्हेगार की बळी, यावर माझ्या वर्गात जे बोलणं व्हायचं ते बोलणाऱ्यांच्या घरातलं होतं. छावण्या उठल्यावर गावोगाव जमिनीची भांडणं पेटली, कारण बांध कुठून कुठे हे माहीत असलेली म्हातारी माणसं छावणीतच वारली होती. भाऊबंदकी पाहिलेल्या मराठी मुलाला हे ऑस्लोत बसून वाचण्यापेक्षा तिथे लवकर कळेल, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमचा प्रश्न. गुलू विद्यापीठातही हा विषय आहे. इथिओपियातल्या अदिस अबाबा विद्यापीठाची शांतता आणि सुरक्षा अभ्यास संस्था 2007 पासून आहे, तिथे आफ्रिकी संघाचं मुख्यालय जवळ, त्यामुळे धोरणाकडे कल असेल तर ती. प्रत्यक्ष लोकांबरोबर काम करून संशोधन करायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेतली डर्बन युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी बघा. नायजेरियात इबादान आहे. मकेरेरेत रोटरीचं शांतता केंद्रही आहे, पण ते नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी.

अडचणीही आहेत. परदेशी विद्यार्थ्यांची फी जास्त असते. मकेरेरे 2016 च्या नोव्हेंबरात संपावरून राष्ट्राध्यक्षांनी बंद केलं होतं, तेव्हा वेळापत्रकावर फार विसंबू नका. परत आल्यावर पदवीची समकक्षता घ्यावी लागते, आणि इथे या पदवीच्या नावाने जाहिराती निघत नाहीत. मी नाशिकला समाजकार्य शिकवते, तेही बरंच फिरून.

अर्ज करणार असाल आणि शिफारसपत्रासाठी कोणी तयार नसेल तर मला कळवा. तुमचं लेखन पाठवा, मी वाचेन आणि पत्र देईन.