घटस्फोट संमतीने, फ्लॅट दोघांच्या नावावर. नवऱ्याचा हिस्सा माझ्या नावावर कसा होईल? (पुणे)

कर्ज चालू असेल तर आधी बँकेत जा. फ्लॅट तुमच्या नावावर झाला तरी कर्जाच्या करारातून त्यांचं नाव आपोआप निघत नाही. तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसतंय असं बँकेला वाटलं तरच ती त्यांना मोकळं करते. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

हिस्सा देण्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. महापालिका हद्दीत वर स्थानिक अधिभार लागतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. बरेच जण हक्कसोडपत्र सुचवतात, पण तिथली नाममात्र शुल्काची सवलत वडिलोपार्जित मिळकतीला आहे, विकत घेतलेल्या फ्लॅटला नाही.

आणि हे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी उरका. घटस्फोट झाला की तुम्ही कायद्याने पती-पत्नी उरत नाही, मग ही सवलत मागायची कशाच्या जोरावर?

नवऱ्याला मात्र धाकधूक असणार, कारण हुकूमनामा होईपर्यंत तुम्ही संमती मागे घेऊ शकता. म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब च्या (संमतीने घटस्फोटाच्या) अर्जासोबतच्या संमतीच्या अटींत फ्लॅटचा क्रमांक, कर्ज कोण फेडणार आणि बक्षीसपत्र कधी होणार हे स्पष्ट लिहा. 'घर पत्नीला' एवढं मोघम वाक्य पुढे भांडणं लावतं.

नंतर सोसायटीत भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव बदलून घ्या. जुन्या नामनिर्देशनात नवऱ्याचं नाव असेल तर तेही बदला, हे हमखास राहून जातं.