'सैराट'चा शेवट इतका क्रूर करायची खरंच गरज होती का?

होती. पण थिएटरमधून बाहेर पडताना मीही तुमच्यासारखीच चिडले होते.

मे 2016. आई, वहिनी आणि मी नाशिकरोडला दुपारच्या शोला गेलो होतो. 'झिंगाट'ला पोरं पडद्यासमोर जाऊन नाचली, शिट्ट्यांनी कान किटले. शेवटी तेच थिएटर इतकं गप्प, की मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी बांगड्या ऐकू आल्या. नागराज मंजुळेंनी तिथे आवाजच काढून घेतलाय. आई-बापाच्या खुनानंतरची त्या लेकराची रक्ताळलेली पावलं सगळ्यांनाच आठवतात. मला छळतो तो त्याआधीचा चहा. जातीबाहेर लग्न करून पळालेल्या आर्चीच्या हैदराबादच्या घरी भाऊ आणि त्याची माणसं येतात, आईने दिलेल्या वस्तू घेऊन. ती हरखते, आत बोलावते, चहा टाकते. मारेकरी दारात येतात ते माहेर बनून.

(मधला भाग लांबला, असं वहिनीचं मत. मला तोच आवडला. बंगल्यातली पोरगी झोपडपट्टीत राहते, भांडते, निघून जाते, परत येते. पळून गेल्यावर पुढे काय, हे आपले सिनेमे दाखवतात कुठे?)

आता, "असं कुठे असतं का?" तर आमच्या नाशकातच होतं. जून 2013 मध्ये दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या, दिवस भरत आलेल्या मुलीचा बापानेच रिक्षात गळा आवळला. आजारी माणसाला भेटायला चल, असं सांगून नेलं होतं. पुन्हा माहेरचंच निमित्त! त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) 'जातपंचायतीला मूठमाती' अभियान नाशकातूनच उभं राहिलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं एप्रिल 2016 मध्ये, आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेला 'सैराट' लागला. कायदा अमलात यायला मात्र जुलै 2017 उजाडला. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. वाळीत टाकणाऱ्या पंचांना त्याचा धाक बसेलही. वस्तूंची पिशवी घेऊन आलेल्या भावाला दारात कोण अडवणार?

त्या रात्री आई पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबली. म्हणाली, "ते सामान तिच्या आईनं खरंच दिलं असेल का गं?"

मी काहीच बोलले नाही. तव्यावरची पोळी करपली.